बैल कुठे उभे आहेत? पट्ट्यावरच्या विमानाचा प्रश्न वर्गात का विचारावा



आज नेहमीसारखा पाठ नाही, एक प्रश्न घेऊन आलो आहे. आधी प्रश्न वाचा, उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि मगच पुढे जा. उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. माझंही चुकलं होतं, आणि तेही भर वर्गात. म्हणूनच हा लेख.

प्रश्न असा. धावपट्टीच्या जागी एक खूप लांब सरकता पट्टा आहे, व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलसारखा. त्यावर विमान उभं आहे. वैमानिक इंजिन सुरू करतो. विमान ज्या वेगाने पुढे जाईल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकेल अशी सोय केलेली आहे. वारा अजिबात नाही. तर विमान उडेल का?

लिहिलंत? आता पुढे चला.

त्या दिवशी वर्गात काय झालं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आवणीचे दिवस होते, त्यामुळे वर्गात निम्मीच मुलं. नववीला ‘गतीचे नियम’ हा पाठ चालू होता. एका मुलाने मोबाईलवर कुठेतरी हा प्रश्न पाहिला होता, त्याने तो विचारला. पण ट्रेडमिल म्हणजे काय, हेच अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. आमच्या किन्हवली-सरळगाव रस्त्यावरच्या गावांत ट्रेडमिल कुठून दिसणार? मग मी खडी क्रशरचा पट्टा सांगितला. ठाणे स्टेशनचा सरकता जिना सांगितला. उतरणाऱ्या जिन्यावरून उलटं चढायला गेलं की माणूस पाय मारत राहतो आणि तिथल्या तिथेच राहतो, हे चार-पाच जणांनी करून पाहिलेलं होतं. त्यांना लगेच कळलं.

आणि मी फारसा विचार न करता उत्तर देऊन टाकलं. “नाही उडणार. बैलगाडी पट्ट्यावर ठेवली आणि बैल जेवढे पुढे चालतील तेवढा पट्टा मागे गेला, तर गाडी जागच्या जागीच राहील ना? तसंच विमान. ते पुढे गेलंच नाही तर पंखांना हवा लागणार नाही. मग उडणार कसं?”

मुलांनी माना डोलावल्या. उदाहरण ओळखीचं होतं, पटलं. मी पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी बैलजोडी आहे.

“सर, पण बैल कुठे उभे आहेत? पट्ट्यावर का खाली जमिनीवर?”

मी म्हणालो, “अगं, पट्ट्यावरच की. आणि विमानाला कुठे बैल असतात? बस खाली.”

वर्ग हसला. ती बसली.

संध्याकाळी तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वहीत विमानाचं चित्र काढलं आणि आपण मुलांना सांगतो तसे बलांचे बाण काढायला घेतले. वजनाचा बाण खाली. जमिनीचा वर. आता पुढे नेणारा बाण. तो कुठून काढायचा? चाकापासून? पण विमानाच्या चाकाला तर इंजिन जोडलेलंच नसतं! पेन्सिल तिथेच थांबली. मुरबाडकडे शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला फोन केला. तोही विज्ञानाचाच. तो ठामपणे म्हणाला, “नाही उडणार रे, सोपं आहे.” मी त्याला तो बैलांचा प्रश्न सांगितला. तो गप्प झाला. अर्ध्या तासाने त्याचा परत फोन आला. “अरे, उडेल.”

बैलगाडी, चावीची गाडी आणि विमान

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्थ नीट पाहू.

बैल खुरांनी जमीन मागे रेटतात. जमीन त्यांना पुढे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम, १६८७ साली त्याच्या ‘प्रिन्सिपिया’त छापलेला, आपण क्रिया-प्रतिक्रिया म्हणून पाठ करून घेतो तो. बैल पट्ट्यावर असतील तर ते पट्ट्याला मागे रेटणार, आणि पट्टा मागे पळत असेल तर त्यांचं चालणं तिथेच जिरणार. इथवर माझं बरोबर होतं.

पण समजा बैल पट्ट्याच्या पुढे, घट्ट जमिनीवर उभे आहेत आणि फक्त गाडीची चाकं पट्ट्यावर आहेत. आता पट्टा कितीही जोरात मागे पळू दे. बैल चालले की जू पुढे जाणार, जू पुढे गेलं की गाडी पुढे येणार. फरक एवढाच, की चाकं नेहमीपेक्षा जोरात गरगरतील. चाकांचं कामच ते आहे. खालची जमीन कशीही सरको, वरच्या गाडीला ती कमीत कमी लागावी म्हणून तर चाक असतं.

विमान हे या दुसऱ्या गाडीसारखं आहे. त्याचे बैल पट्ट्यावर नाहीत, हवेत आहेत. पंखा असलेलं विमान पंख्याने हवा मागे फेकतं, जेट विमान इंजिनातून हवा आणि गरम वायू मागे फेकतं. त्या बदल्यात विमानाला पुढे रेटा मिळतो. पट्ट्याचा या देवघेवीशी संबंधच येत नाही.

मोटारगाडी, सायकल, एसटी, ट्रॅक्टर या सगळ्यांत इंजिनाचा किंवा पायाचा जोर चाकाला जातो आणि चाक जमिनीला रेटतं. आपण आयुष्यभर अशीच वाहनं पाहतो. म्हणून ‘चाक फिरलं की गाडी पुढे जाते’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की विमानालाही आपण तेच लावतो. विमानात उलटं आहे. चाक फिरतं म्हणून विमान पुढे जात नाही, विमान पुढे जातं म्हणून चाक फिरतं.

हिशोब करून पाहा. विमान जमिनीच्या मानाने ताशी १०० किमी वेगाने पुढे, पट्टा ताशी १०० किमी वेगाने मागे. चाकाला पट्टा किती वेगाने मागे जाताना दिसेल? ताशी २०० किमी. म्हणजे चाकं दुप्पट वेगाने फिरतील. पंखांना मात्र ताशी १०० किमीचीच हवा लागेल, नेहमीच्या धावपट्टीवर लागते तेवढीच. विमान उडेल.

‘नाही’ म्हणणाऱ्यांचंही अर्धं बरोबर आहे

इथे माझा पहिला आग्रह आहे. ‘उडणार नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला सरळ शून्य देऊ नका. त्याच्या म्हणण्यात दोन भाग असतात. एक, विमान हवेतून पुढे गेलं नाही तर उडणार नाही. दोन, पट्ट्यावर विमान पुढे जाणार नाही. यातला दुसरा चूक आहे, पण पहिला अगदी बरोबर आहे.

पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते. त्यासाठी पंखाजवळून हवा वेगाने जायला हवी. पतंगाचं पाहा. पतंग जागेवरच असतो, मांजा आपल्या हातात असतो, पण वारा त्याच्या अंगावरून जातो आणि पतंग वर टिकतो. म्हणूनच विमानं शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडवतात. समोरून ताशी ३० किमीचा वारा असेल, तर तेवढा वेग आयताच मिळतो.

आपली पहिली विमानवाहू युद्धनौका विक्रांत १९६१ साली नौदलात आली आणि १९९७ साली निवृत्त झाली. नंतर काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. अशा नौकेवरून विमान सोडताना नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगात नेतात. तिथे गंमत बघा. विमान डेकवर उभं असतं, चाकं फिरतही नसतात, तरी पंखांना हवा लागायला सुरुवात झालेली असते. आणि आपल्या पट्ट्यावर चाकं दुप्पट फिरतात, तरी हवा काही जास्त लागत नाही. दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की मुलांना आपोआप दिसतं, चाकाच्या फिरण्यावरून उडण्याचा निर्णय होतच नाही.

तेव्हा मुलाला सांगा, “हवेचं तू बरोबर लिहिलंस. आता मला सांग, विमान जागेवर राहील हे तू कशावरून म्हणतोस?” चूक नेमकी कुठे आहे हे त्याचं त्याला सापडू द्या.

मग जमिनीचं काहीच काम नाही का?

हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच. विचारला पाहिजे. जमीन विमानाला पुढे ढकलत नाही, पण अडवू मात्र शकते.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान आणलं. पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान. ते अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरलं. तेव्हाचं जुहूचं मैदान म्हणजे वाळलेल्या चिखलाची सपाट जागा. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. हे आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चिखलणीच्या वेळी गुडघाभर चिखलातून पाय ओढताना काय होतं, ते त्यांना माहीत आहे. चिखल चाकाला धरून ठेवतो. तो अडथळा मोठा असला तर इंजिनाचा जोर अपुरा पडतो.

पण पट्टा म्हणजे चिखल नाही. पट्टा चाकाला फक्त फिरवतो. चाकातून विमानापर्यंत पोचतं ते टायरच्या दबण्याचं आणि बेअरिंगचं थोडंसं घर्षण. किती थोडं? एअरबस ए-३२० हे दीडशेच्या वर प्रवासी नेणारं विमान घेऊ. पूर्ण भरल्यावर त्याचं वजन साधारण ७८ टन. कडक धावपट्टीवर चाकांचा अडथळा वजनाच्या साधारण २ टक्के धरला, तर तो दीड टनाच्या आसपास येतो. दोन्ही इंजिनांचा मिळून रेटा साधारण २४ टनांचा. आता चाकं दुप्पट फिरली म्हणून अडथळा अगदी दुप्पट झाला असं मानलं, तरी ३ टन विरुद्ध २४ टन. विमान थोडी जास्त लांब धावेल, पण थांबणार नाही.

माझ्या वर्गात नंतर एकाने विचारलं, “सर, टायर नाही का फुटणार?” हा प्रश्न मला फार आवडला. कारण तो खरा आहे. असं विमान साधारण ताशी २५० किमीला उडतं, म्हणजे पट्ट्यावर चाकं ताशी ५०० किमीने फिरणार. आणि अशा विमानांचे टायर साधारण ताशी ३६० किमीपर्यंतच्या वेगासाठी बनवलेले असतात. तेव्हा खऱ्या मोठ्या विमानाला पट्ट्यावर नेलं तर टायरची पंचाईत होऊ शकते! नियमाने विमान उडतं, पण टायर बनवणाऱ्याला वेगळा विचार करावा लागतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान या दोन शब्दांतला फरक मुलांना सांगायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

प्रश्न नीट वाचायला शिकवणारा प्रश्न

हा प्रश्न आणखी एका रूपात फिरतो. त्यात म्हणतात, ‘चाक ज्या वेगाने फिरेल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकेल.’ वरवर पाहता तेच वाटतं. पण तसं नाही.

चाक न घसरता फिरत असेल, तर चाकाच्या फिरण्याचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. आता चाकाचा वेग आणि पट्ट्याचा वेग सारखाच असला पाहिजे अशी अट घातली, तर विमानाचा वेग शून्यच उरतो. म्हणजे प्रश्नातच ‘विमान हलत नाही’ असं लिहून टाकलं आणि मग विचारलं, विमान हललं का! इंजिन लावल्यावर ही अट पाळायची तर पट्ट्याचा वेग सतत वाढत, वाढतच जावा लागेल. असा पट्टा कुणाला बनवता येणार नाही. इथे बरोबर उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘सर, प्रश्नातली अटच चालणारी नाही’ हे उत्तर आहे.

आपण मुलांना प्रश्न वाचला की लगेच उत्तर लिहायची सवय लावतो. पण ‘वेग म्हणजे कुणाच्या मानाने वेग?’ हे विचारायला शिकवत नाही. कसाऱ्याच्या लोकलमध्ये डब्यातून चालणाऱ्या माणसाचा वेग डब्याच्या मानाने वेगळा, आटगावच्या फलाटावर उभ्या असलेल्याच्या मानाने वेगळा. हे एकदा पक्कं झालं की अर्धं भांडण तिथेच मिटतं. या प्रश्नावर मोठी माणसं तासन् तास वाद घालतात, त्यातले बरेच जण खरं म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

वर्गात कसं घ्यावं

बोलून पटत नसेल तर करून दाखवा. खर्च जवळजवळ नाही.

साहित्य: दोन मीटर लांबीची कापडी किंवा जाड कागदाची पट्टी, चाकं मोकळी फिरणारी एक खेळण्यातली गाडी, एक चावीची गाडी, दोरा, रबरबँड, फुगा, चिकटपट्टी. टेबलावर खडूने पट्टीच्या शेजारी खुणा करा, म्हणजे गाडी जमिनीच्या मानाने किती सरकली ते दिसेल.

१. चावीची गाडी पट्टीवर सोडा आणि एका मुलाला पट्टी मागे ओढायला सांगा. थोड्या सरावाने गाडी जागच्या जागी ठेवता येते. ही बैल पट्ट्यावर असलेली गाडी.

२. मोकळ्या चाकांच्या गाडीला पुढून दोरा बांधा. मध्ये रबरबँड ठेवा. दोरा एका मुलाने स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टी मागे ओढायची, आधी हळू, मग जोरात. चाकं जोरात फिरतील, पण रबरबँड फारसा ताणला जाणार नाही. पट्टा गाडीला किती कमी ओढतो, ते त्या रबरावर दिसतं.

३. आता पट्टी मागे ओढत असतानाच दोरा पुढे ओढा. गाडी पुढे येईल. ही बैल जमिनीवर असलेली गाडी.

४. शेवटी त्याच गाडीवर फुगा चिकटवा, हवा मागे सुटेल असा. फुगा सोडा आणि पट्टी मागे ओढा. हे आपलं जेट विमान.

एक सूचना. स्वस्तातल्या गाडीची चाकं अडखळत असतील, तर चौथ्या प्रयोगात गाडी पट्टीबरोबर थोडी मागे जाईल. घाबरू नका आणि लपवूही नका. “हा आपला जुहूचा चिखल,” म्हणा आणि आसाला तेलाचा थेंब द्या. परत करा. फरक दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक प्रयोगाच्या आधी मुलांना वहीत अंदाज लिहायला लावा. नुसते हात वर करायला लावले तर सगळे हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. वहीतला अंदाज आपला असतो, त्यामुळे चुकल्यावर ‘का चुकला’ हेही आपलंच शोधावंसं वाटतं.

याचा मोठा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या दूरदर्शन मालिकेत २००८ साली एका हलक्या विमानाखाली लांबलचक ताडपत्रीसारखं कापड अंथरून ते गाडीने उलट्या दिशेला ओढलं. विमान उडालं. तो व्हिडिओ जरूर दाखवा, पण सगळ्यात शेवटी. आधी दाखवला तर मुलं ‘उडतं’ एवढंच पाठ करतात. ‘उडत नाही’ हे चुकीचं उत्तर जसं पाठ केलेलं असतं, तसंच हे बरोबर उत्तर. दोन्हींत विचार नाही.

“पण हे परीक्षेत येणार का?”

हा पालकांचा प्रश्न असतो, आणि तो चुकीचा नाही. रोजगार सोडून, कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या माणसाने तो विचारावाच. माझं उत्तर असं. हा प्रश्न जसाच्या तसा परीक्षेत येणार नाही. पण क्रिया-प्रतिक्रिया, घर्षण, बलांचा तोल आणि सापेक्ष वेग, या चारही गोष्टी त्यात आहेत. तिसरा नियम शब्दश: लिहून दोन गुण मिळवणारी माझी कितीतरी मुलं ‘विमानाला पुढे कोण ढकलतं?’ यावर अडली. मग ते दोन गुण कशाचे होते?

पालकहो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. ‘आम्हाला यातलं काय कळतंय’ असं म्हणून मुलाला परत सरांकडे पाठवू नका. पावसात ट्रॅक्टर चिखलात रुतला की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. चाकं गरगर फिरतात आणि ट्रॅक्टर तिथेच. मग दुसरा ट्रॅक्टर कडक जमिनीवर उभा करून दोरखंड बांधून ओढता, आणि तो निघतो. चाक फिरणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं, आणि ओढणारा कुठे उभा आहे त्यावर सगळं असतं, हे तुम्हाला पुस्तकाशिवाय माहीत आहे. मुलाला तेवढंच सांगा. म्हशाच्या जत्रेत बैल पारखून घेणाऱ्या माणसाला बल आणि घर्षण कळत नाही, असं मी तरी मानायला तयार नाही. त्याला ते शब्द माहीत नसतील, एवढंच. शब्द द्यायला आम्ही आहोत.

शिक्षक मित्रांची तक्रार वेगळी असते. अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? मीही तेच म्हणायचो. पण हे सगळं दोन तासिकांत होतं, आणि नंतर तिसरा नियम, घर्षण, सापेक्ष वेग शिकवताना तेच उदाहरण पुन्हा वापरता येतं. माझा तरी वेळ वाचला.

राहिलेली गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात गेलो. मनात खूप चाललं होतं. नुसतं ‘काल आपण बोललो त्यात थोडी भर घालू’ असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्या एका मुलीशिवाय.

मी फळ्यावर बैलगाडी काढली, बैल पट्ट्याबाहेर. म्हणालो, “काल मी चुकीचं सांगितलं. विमान उडेल. आणि हिने काल बरोबर प्रश्न विचारला होता, मी तो ऐकून घेतला नाही. ती चूक जास्त मोठी.” मग तिला पुढे बोलावून, बैल कुठे आहेत ते वर्गाला समजावून सांगायला लावलं. आधी ती खूप लाजली. मग जू, दोर, चाक असं दाखवत बोलत गेली. मी सांगितलं असतं त्यापेक्षा तिने चांगलं सांगितलं.

‘शिक्षकाने चूक कबूल केली तर मुलं डोक्यावर बसतात’ असं आपल्या स्टाफरूममध्ये बोललं जातं. माझा अनुभव तसा नाही. त्या दिवसानंतर वर्गात दंगा वाढला नाही, प्रश्न वाढले. आणि मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मी दुसऱ्या दिवशी काहीच बोललो नसतो तर ती मुलगी काय शिकली असती? विमानाबद्दल चुकीचं उत्तर तर शिकलीच असती. त्याहून वाईट म्हणजे, घरच्या गोठ्यातलं आपलं ज्ञान वर्गात चालत नाही, मागच्या बाकावरून उठून विचारलं की हसं होतं, हे ती शिकली असती. विमानाचं उत्तर पुढे कधीतरी कुणी दुरुस्त केलं असतं. हे दुसरं कोण दुरुस्त करणार होतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हा प्रश्न तुमच्या वर्गात जरूर विचारा. ‘नाही’ म्हणणाऱ्याचं अर्धं बरोबर धरा. ‘हो’ म्हणणाऱ्यालाही ‘का’ विचारा. आणि एखादं मूल आपल्या उदाहरणातच खोट काढायला लागलं, तर ‘बस खाली’ म्हणण्याआधी एक क्षण थांबा. बहुतेक वेळा ते आपलं उदाहरण आपल्यापेक्षा नीट ओळखत असतं.

आता वर कागदावर लिहिलेलं तुमचं उत्तर पुन्हा बघा. चुकलं असेल तर पुसू नका. उद्या वर्गात नेऊन मुलांना तेच दाखवा.